हजेरीकाकांची मोजणी

हजेरीकाकांची पाठ आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नाही. बारा वर्षं आम्ही त्यांच्याबरोबर कर्जत-खालापूरचे डोंगर तुडवले, पण ते कायम सगळ्यांच्या मागे. चढावर दम खायला थांबून वळून पाहिलं की खाली समोरून दिसायचे. डोक्यावर पिवळी टोपी, गळ्यात पंचा, हातात बांबूची काठी, आणि ओठ सारखे हलताहेत. नव्याने येणाऱ्याला वाटे, म्हातारा नामस्मरण करतोय. ते आम्हाला मोजत असत.

मोहोपाड्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये त्यांनी तीस-बत्तीस वर्षं काढली. कोण आत गेला, कोण बाहेर आला, हे टिपणं एवढंच काम. म्हणून हजेरीकाका. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर आणि घराच्या दारावर, बाकी कुठे नाही. कारखान्यात अधूनमधून आगीची तालीम होई. भोंगा वाजला की सगळ्यांनी काम टाकून मैदानात जमायचं आणि काकांनी डोकी मोजायची. एकदा एक डोकं कमी भरलं. साहेब लोकांना जेवायची घाई होती. ते म्हणाले, अहो, तालीमच आहे, सगळे आले असं लिहून टाका. काका लिहीनात. पाऊण तास अख्खी पाळी उन्हात उभी राहिली आणि शेवटी बॉयलरमागे झोपलेला एक हेल्पर सापडला. साहेबांनी झापलं ते हेल्परला नाही, काकांना. काकांचं उत्तर तेवढं कारखानाभर झालं: "खोट्या आगीत ज्याला सोडला, तो खऱ्या आगीत जळंल, सायेब."

मी त्याच कारखान्यात मेंटेनन्सला होतो. कॉलनीतल्या हौशी लोकांची आमची एक रविवारची टोळी होती. फार मोठे गड-किल्ले नाहीत, दोर-बीर नाहीत. सकाळी एखादा डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, नदीच्या काठाने चालत संध्याकाळच्या आत एखाद्या गावात बाहेर पडायचं आणि टेंपोने घरी. मी सर्वात पुढे असे. वाटा मला पाठ होत्या, पाय तरणे होते आणि पुढे चालणाऱ्याला टोळी आपली वाटते तशी ती मला माझी वाटे. निवृत्त झाल्यावर काका टोळीत आले आणि पहिल्याच रविवारी त्यांनी मागची जागा धरली. मी म्हटलं, काका, तुम्ही या पुढे, गप्पा मारू. ते म्हणाले, "पुढच्याला वाट दिसती रं. माणसं मागच्याला दिसतात."

मागे चालणं म्हणजे काय, ते मला माझ्या बायकोने सांगितलं. मोठ्या आजारपणातून उठल्यावर ती पहिल्यांदा आमच्याबरोबर आली आणि अर्थातच मागे पडली. मी पुढे होतो, मला पत्ता नाही. काका तिला एकदाही "चला" म्हणाले नाहीत. तिचा श्वास चढला की तेच मटकन खाली बसत आणि म्हणत, "थांब गं पोरी, गुडघा धरला माजा." मग पिशवीतून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी काढत, समोरच्या झाडाचं नाव सांगत, त्याची साल कशावर लावतात ते सांगत. तिचा रंग परत आला की त्यांचा गुडघाही बरा होई. दिवसभरात तो गुडघा सात-आठ वेळा धरला. घरी आल्यावर बायको म्हणाली, त्या माणसाचे गुडघे तुझ्यापेक्षा चांगले आहेत. मी हसलो. हसण्यापलीकडे मला त्यात काही दिसलं नाही, हे आता लिहिताना लाज वाटते.

काकांचे नियम दोनच, पण ते कुणासाठी मोडत नसत. पहिला, सकाळी कॉलनीच्या फाटकापाशी यादीत नाव लागलं तोच चालणार. वाटेत मध्येच कुणी येऊन मिळायचं नाही. एका बड्या साहेबांचा भाचा गाडी घेऊन वाटेवरच्या गावात येऊन थांबला होता, त्याला काकांनी हात जोडून परत पाठवलं. यादी फिरली की मोजणी फिरते, एवढंच म्हणाले. दुसरा नियम, वाट सोडून झाडीत जायचं असेल तर आपली सॅक वाटेच्या मधोमध ठेवायची. मागून येणारे काका सॅक पाहिली की अलीकडेच थांबत आणि धनी परत येईपर्यंत डोंगराकडे बघत राहत. बायकांना त्यामुळे कुणाला काही सांगावं लागत नसे. कितीतरी घरच्या बायका आमच्याबरोबर येऊ लागल्या त्या त्या सॅकच्या भरवशावर.

मला या नियमांचा जाच होई. कबूल करतो. मी पुढे जाऊन अर्धा अर्धा तास झाडाखाली ताटकळत बसे आणि मागून काका निवांत यायचे, काठीने हवेत टिंबं देत मोजायचे आणि मग म्हणायचे, "हां, हाव सगळे. चला." टोळी माझी आणि "चला" म्हणणार ते, हे कुठेतरी खुपत होतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. त्या रविवारी खालापूरच्या अंगाने चढून खिंडीतून कर्जतकडे उतरायचं आणि नदीकाठाने कोंडाणे गावाच्या अलीकडे बाहेर पडायचं ठरलं होतं. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते, पण नदीला अजून पोटरीभर पाणी होतं आणि उतारावरचं गवत माणसाच्या डोक्याइतकं वाढून पिवळं पडलं होतं. यादीत तेवीस नावं. काका धरून नाही, काका वेगळे. स्वतःला ते कधीच मोजत नसत.

माझा मेहुणा महेश नेरळला राहायचा. नव्या इमारतीत घर घेतलेलं, नवी नोकरी, आणि भावोजींच्या टोळीत एकदा यायचंच हा हट्ट. बायकोनेही माझ्याकडे रदबदली केली होती. त्याचं नाव मी यादीत घातलं असतं, पण सकाळी तो वेळेवर पोचणार नाही हे आदल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून मी त्याला सांगून ठेवलं की खिंडीखालच्या वाडीपर्यंत मोटरसायकल येते, मित्राला सोडायला सांग. आणि काकांच्या लक्षात येऊ नये म्हणून माझ्याजवळची जादा पिवळी टोपी बरोबर घेतली. आमच्या सगळ्यांच्या टोप्या कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहातल्या, एकसारख्या. वाडीत काका विहिरीवर बायाबापड्यांशी बोलत पाणी भरून घेत होते, तेव्हा मी महेशच्या डोक्यावर ती टोपी घातली आणि त्याला म्हटलं, रांगेच्या शेवटाकडे सरक, मागून फक्त टोपीच दिसेल, गप्प चाल, म्हाताऱ्याशी गप्पा मारू नकोस. दोघातिघांनी त्याला पाहिलं असणार. पण खुद्द मी आणलेला माणूस यादीबाहेरचा असेल, हे कुणाच्या मनात येणार?

खिंडीतून उतरताना उंच गवतात रांग लांबली आणि नदीपर्यंत काकांना ती सलग मोजता येईना. शेवटून तिसऱ्या-चौथ्या चालत होत्या सुलभाताई, कॉलनीतल्या शाळेच्या बाई, पंचावन्नच्या आसपासच्या. त्यांना बाजूला जायचं होतं. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे निळी सॅक वाटेत ठेवली आणि गवतात शिरल्या. मागून येणारे दोघे सॅक ओळखून, तिला वळसा घालून पुढे गेले. त्यांच्यामागे महेश. त्याला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. मी सांगितला नव्हता. त्याला वाटलं कुणाची तरी सॅक पडली आहे, आणि भल्या मनाच्या मुलाने ती उचलून खांद्याला लावली. थोड्या वेळाने गवताआडून काका आले. वाट मोकळी होती. ते पुढे गेले.

खाली नदी ओलांडताना काका मधल्या धोंड्यावर उभे राहिले. शेवाळ धरलेले दगड होते. नदीत ते चेहरे बघत नसत, पाय बघत. कुणाचा पाय कुठे पडतोय त्यावर डोळा ठेवून, लागेल त्याला हात देऊन एकेकाला पार करत. तेवीस माणसं पार झाली. काकांनी पलीकडे येऊन काठी हलवली आणि म्हणाले, हाव सगळे. मी त्या क्षणी मनातल्या मनात खूश झालो. म्हाताऱ्याला फसवलं, आणि त्याला कळलंही नाही. तेवीसमध्ये एक जास्तीचा आहे म्हणजे एक कमी आहे, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलं नाही. मी पुढे चालू लागलो.

तासाभराने आम्ही गावाशी पोचलो, टेंपो उभा होता. काका अजून मागे वळणावर होते. महेश माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भावोजी, ही सॅक कुणाची? वाटेत पडली होती, मी उचलून आणली." सॅक निळी होती, सुलभाताईंची. सगळं एका झटक्यात कळलं. तेव्हा मी काय केलं ते सरळ लिहितो. बाकीचे टपरीवर चहाला वळले होते, समोर रिक्षा उभी होती. मी महेशच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, त्याला रिक्षात बसवलं आणि तू आलास हे बहिणीलाही सांगू नकोस असं बजावून कर्जत स्टेशनला पाठवून दिलं. सॅक टेंपोच्या चाकाशी टेकवून ठेवली. मग काका आले आणि त्यांनी मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं. बावीस. त्यांची नजर त्या निळ्या सॅकवर गेली.

"बाईंची सॅक कोणी आणली?" त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. मी बोललो नाही. एकदोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ते काय समजले ते मला दिसत होतं. म्हाताऱ्याने स्वतःच आणली आणि विसरला. काका वळले आणि आल्या वाटेने धावत सुटले. मीही धावलो. जवळच्या ठाकूरवाडीतले चारपाच जण बरोबर आले. सूर्य टेकता टेकता त्यांनाच सुलभाताई सापडल्या. परत वाटेवर आल्या तर सॅक नाही, माणूस नाही. हाका मारून थकल्या आणि गवतातल्या गुरांच्या वाटेने चुकून ओढ्यात उतरल्या. तिथे धोंड्यावरून पाय घसरून खुबा मोडला होता. चार तास तिथेच पडून होत्या. वाडीतल्या लोकांनी घोंगडीची झोळी करून त्यांना टेंपोपर्यंत आणलं. काका झोळीबरोबर चालत होते आणि सारखं म्हणत होते, "बाई, मोजलं व्हतं हो मी. मोजलं व्हतं." बाईंनी तोंड फिरवलं.

ऑपरेशन झालं, पण बाई पुन्हा धड चालल्या नाहीत. वॉकर आला, शाळेची नोकरी सुटली. त्या भेटेल त्याला सांगत राहिल्या की मी सॅक वाटेत ठेवली होती. काका भेटेल त्याला सांगत राहिले की मी सॅक पाहिली नाही आणि नदीवर मोजणी पुरी भरली. दोघंही खरं बोलत होते. दोन्ही खऱ्यांचा मेळ घालू शकणारा माणूस कॉलनीत एकच होता, आणि तो रोज सकाळी काकांच्या इमारतीखालून कामावर जात होता. बाईंच्या मुलाने चारचौघांत काकांना सुनावलं, "सॅक उचलायची बरी आठवली, माझी आई नाही आठवली."

महिन्याभराने कॉलनीच्या हॉलमध्ये टोळीची सभा भरली. माझ्या अध्यक्षतेखाली. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं विस्मरण होतं माणसाला, दोष नाही देत आपण. आमच्या लोकांना कुणाला हाकलायचं असलं की ते त्याचा सत्कार करतात. तसा केला. मी चार गोड वाक्यं बोललो, काकांनी आता विश्रांती घ्यावी अशी आपल्या सर्वांची इच्छा आहे वगैरे, त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. काका शाल सावरत मला एवढंच म्हणाले, "कुठं चुकलं ते कळलं आसतं तर बरं झालं आसतं रं." मी त्यांच्या पाया पडलो. तेवढं नाटकही मला जमलं.

त्यानंतर काका डोंगरात गेले नाहीत. पहिल्यांदा वाटलं, मानी माणूस आहे, रुसला असेल. पण ते रुसणं नव्हतं. त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला होता. काकू एकदा बाजारात भेटल्या तेव्हा सांगू लागल्या. गॅस बंद केलाय का ते रात्री चारदा उठून बघतात. नातीला शाळेत सोडायला जात नाहीत, मधे हात सुटला तर, म्हणतात. ताटं मांडली की घरातली माणसं मोजतात आणि पाचाच्या जागी पाच भरली तरी पुन्हा मोजतात. मुलाने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शंभर प्रश्न विचारून सांगितलं, स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यावर काका डॉक्टरांना म्हणाले, मग बाई कुठं गेली? काकू मला म्हणाल्या, "तुमी पुढं व्हता त्या दिवशी. एकदा येऊन त्यांना समजवा ना, की ह्ये वयानं झालं. तुमचं ऐकतील." तीन वर्षं झाली होती. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा होतो आणि ती बाई माझ्याकडे आशेने बघत होती.

गेलो. दुपारची वेळ होती. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, चेहरा ओसरलेला. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं, टोपीपासून रिक्षेपर्यंत. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा रडतील, किंवा माझीच समजूत घालतील. तिन्हींतलं काहीच झालं नाही. ते पुढे वाकले आणि प्रश्न विचारू लागले, टाइम ऑफिसात विचारत असतील तसे. टोपी कुठे दिलीस? विहिरीवरचा मी तुला दिसत होतो का? रांगेत तो कितवा? पायात काय होतं त्याच्या? मी म्हटलं, पांढरे बूट, नवे. त्यांनी डोळे मिटले. "पांढरे बूट," ते म्हणाले. "तेविसावा, शेवटचा. उजवा पाय घसरला व्हता त्याचा, मी हात दिला." मग त्यांनी काकूंना हाक मारली आणि अगदी हळू सांगितलं, "अगं, मोजणी बरोबर व्हती माजी." काकूंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला जन्मभर पुरेल.

त्यांनी मला सांगितलं की आधी बाईंकडे जा आणि मग जिथं शाल दिलीस त्या हॉलमध्ये सांग. मी दोन्ही केलं. सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की काकांना मी माझ्या तोंडाने शिव्याशाप दिले आहेत, ते आता कुणी परत घ्यायचे? त्या दुसऱ्या मजल्यावर, कॉलनीत लिफ्ट नाही, आणि त्यांच्या दाराशी जायला काकांचं मन घेईना. फोनवर बोलले दोघं. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही. हॉलमधली सभा मात्र मजेशीर झाली. मी उभा राहून कबूल केलं, तर दोघंतिघं म्हणाले, कबूल करायलाही मन मोठं लागतं. एकाने टाळी वाजवली. मला! काकांना टोळीने पुन्हा यायचं निमंत्रण पाठवलं. ते आले नाहीत. टोळी मी सोडली.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटचं वर्ष नातीला शाळेत सोडायला जात होते, गॅस एकदाच बघत होते, असं काकू सांगतात. ते सांगताना मला बरं वाटेल अशी त्यांची समजूत असावी. मला बरं वाटत नाही. तीन वर्षं मी एका धडधाकट माणसाला त्याच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली आणि ती वर्षं त्यांची होती, माझी नव्हेत. परत करता येत नाहीत.

त्या दुपारी निघताना काका मला दारापर्यंत सोडायला आले होते. तिथे ते जे बोलले ते मी हॉलमध्ये सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. आवाज चढलेला नव्हता. खरंच न कळलेली गोष्ट माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं.

"तू घाबरलास, ते मला समजतं रं. माणूस घाबरतो. त्या दिवशी गप ऱ्हायलास, त्येबी समजतं. पण म्हयन्यानं तू माज्या खांद्यावर शाल घातलीस. मी तुजे हात बघत व्हतो. ते थरथरले कसे नाय?"

मी जिना उतरलो. मागे दार लागल्याचा आवाज आला नाही. ते उत्तरासाठी उभे होते.